शेंगदाणा तेल, एक मिली

गरम वाळूत फुटाणा उडावा
तेवढाच आवाज करून ॲम्प्यूलची मान मोडते.
त्याआधी फिलोमिना सिस्टर ती
मुठीत धरून बसते दोन-तीन मिनिटं.
"गार तेल लय दुखतं रे," म्हणते.
त्या 'रे'साठीच मी
चिंचपोकळीचा पूल ओलांडून येत असेन,
दर एकवीस दिवसांनी, दुकान मिटल्यावर.

एकदा डावी बाजू, एकदा उजवी.
जाड सुई, सावकाश दाब.
मग दोन दिवस कमरेखाली
आवळ्याएवढं काहीतरी ठणकत राहतं.

आमचं दुकान चिवडा गल्लीच्या तोंडाशी.
पंधरा किलोचे डबे, पत्र्याचं माप, नरसाळं.
अण्णा म्हणतात, पाणी धावतं, तेल उतरतं.
शेवटची धार तुटेपर्यंत माप उचलायचं नाही,
गिऱ्हाईक कितीही घाईचं असो.

माझ्या मांसातही तेल असंच बसून असतं.
चार जण आहेत त्यात,
प्रत्येकाला वेगळ्या लांबीची शेपटी.
आखूड शेपटीचा पहिल्याच रात्री रक्तात,
मधले दोघे रेंगाळत, आठवडाभर,
आणि लांब शेपटीवाल्याला
तेल सोडवत नाही.
रक्तात कुणीतरी कात्री घेऊन उभंच असतं.
शेपटी छाटली की उरतं ते
कुठल्याही बाप्याच्या अंगात असतं तेच.
त्याला कुणी विचारत नाही, कुठून आलास.

पण मोकळं किती? शंभरात दोन.
बाकी सगळं प्रथिनांच्या नावावर,
अण्णांच्या लाल वहीसारखं,
गल्ल्यात चिमूटभर रोख, उरलेली उधारी.
त्या दोन टक्क्यांवर
माझा आवाज तळघरात उतरला,
हनुवटीवर एकोणीस केस आले (मोजलेत),
फोनवरचे फरसाणवाले मला शेठ म्हणू लागले.

काही उलटंही फिरतं.
त्यातलंच थोडं बाईचं संप्रेरक होतं.
मी घाबरून रिपोर्ट पुढे सरकवला,
तर डॉक्टर वाघधरे म्हणाले, असू दे,
हाडांना लागतं ते.
घर सोडून निघावं
आणि पिशवीत आईनं न विचारता
घातलेली लाडवांची पुरचुंडी सापडावी, तसं.

सरलेलं सगळं यकृत
साखरेची चिठ्ठी डकवून पाण्यावाटे पाठवून देतं.
सकाळी मोरीत मी एक बादली जास्त ओततो, उगाच.

अठराव्या दिवशी डबा तळाला लागतो.
मी हमालांवर खेकसतो,
दुपारी पेंडीच्या पोत्यावर डोकं टेकून झोपतो.
अण्णा बघतात. बोलत नाहीत.
दोन वर्षं त्यांनी हुडकून हुडकून
अशीच क्रियापदं वापरली ज्यांना बाई-पुरुष काही नसतं:
डबा उचलायचाय. हिशोब झाला?
जेवण झालं?
जुनं नाव घेतलं नाही. नवं तर नाहीच.
एवढी मेहनत व्याकरणावर
माझ्या शाळेच्या बाईंनीही घेतली नव्हती.

परवा औषधाचं खोकं गल्ल्यात राहिलं.
आलो तेव्हा अण्णा चष्मा कपाळावर सारून
बारीक अक्षरं वाचत होते.
"शेंगदाण्याचं आहे?"
मी मान हलवली.
त्यांनी ॲम्प्यूल बल्बसमोर धरली,
तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी,
प्रत्येक नव्या डब्याचा नमुना
बाटलीत घेऊन बघतात तशी.
"गाळ नाही," म्हणाले. "डबल फिल्टर दिसतंय."
खोकं पुढे ठेवलं. हात धोतराला पुसले.

"टोचून आलास की
शटर तेवढं ओढ."
आणि पुन्हा नरसाळ्याकडे वळले,
धार अजून तुटायची होती.