शेळीने चाटलेली पाटी

बुतिलिमितच्या पलीकडे, डांबरी रस्ता वाळूत बुडतो
तिथून अर्ध्या दिवसावर आमची शाळा :
एक तंबू, एक बाभूळ, अकरा मुलं
आणि एका डोळ्याने अधू असलेले आमचे गुरुजी, देद्दाह.
व्याकरणाच्या हजार ओळी त्यांना
शेवटाकडून सुरुवातीकडेही येत.

लाकडी पाटी. कोळशाची शाई,
तिच्यात डिंक, म्हणजे अक्षर धरून राहतं.
रोज पाच ओळी. पाठ झाल्या की धुवायच्या.
धुवायची परवानगी, हीच परीक्षा.

मी घोकायचो. शंभरदा, दोनशेदा,
नजर पाटीवर, अंग पुढेमागे,
घसा खरवडेपर्यंत.
तोंड चालू असायचं, आणि मी
मामाच्या व्यालेल्या सांडणीपाशी.

एका दुपारी डोळा लागला.
काळ्या कानाच्या शेळीने
डिंकाच्या गोडीने माझी पाटी
कडेकडेने, सावकाश, चाटून साफ केली.

मुलं खिदळली. देद्दाह हसले नाहीत.
म्हणाले, "यहदीह, तिने तिचा धडा खाल्ला.
तुझा सांग."

ओल्या, कोऱ्या लाकडाकडे बघत राहिलो.
पहिली ओळ आली, हाक मारल्यासारखी.
दुसरी लंगडत.
तिसरीत एक शब्दच नव्हता;
तो हुडकताना कानशिलं तापली,
मनातली सगळी गाठोडी उपसली.
चौथी-पाचवी आल्याच नाहीत.

"उद्या पहाटे पुन्हा. पाटी न बघता.
मग परवा नको. तेरवा."

पहाटे चौथी ओळ आपणहून आली,
झोपेत कोणी पोचती करून गेल्यासारखी.
तिच्यामागून पाचवीही.

त्यानंतर शेळीला मीच बोलवू लागलो, गुपचूप.
देद्दाहना ठाऊक असणार.
तिला त्यांनी कधी बांधून घातलं नाही.

आता नुआकशोतमध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी,
औषधविक्रीच्या परीक्षेला बसतोय.
दिव्याच्या त्याच उजेडात माझी तेकबर
अख्खं पान पिवळ्या पेनाने रंगवते
आणि म्हणते, झालं. येतं मला.

मी तिचं पुस्तक मिटतो.
"बाबा! आत्ता दिसत होतं ना!"
दिसत होतं, पोरी. तेच तर.
तोंड पुस्तकाकडे आहे तोवर ते पुस्तकाचं.
त्याच्याकडे पाठ कर,
मग बघू काय पाठ आहे.

ती चिडून छताकडे बघते.
ओठ हलतात, थांबतात,
कपाळावर ती आठी.
उत्तर माझ्या जिभेवर आहे. देत नाही.

तिसऱ्या ओळीतला तो शब्द साधाच होता : 'जोपर्यंत'.
त्या हजारातल्या किती ओळी वाळूत गेल्या,
हा अजून जागा आहे.

बाहेर गल्लीत कुणाचीतरी शेळी
सिमेंटच्या गोणीचा कागद
मन लावून खातेय.