खांबावरचे खिळे

पहाटे साडेतीनला जमीन उठली,
झोपेतलं माणूस कोपरावर रेलून उठतं तशी,
आणि पुन्हा आडवी झालीच नाही.
अराउकोच्या आखाताकाठची ही खाडी
दीड मीटर वर. एवढंच.
ओतिलियाची उंची तेवढीच आहे, बूट काढून.

होड्या चिखलात उभ्या, दोर सैल.
ओहोटी गेली ती परतायचं विसरली.
पेलियो, केसांसारखं तांबूस शेवाळ,
जे ती तीस वर्षं कंबरभर पाण्यात उभी राहून उपटत आली,
ज्याच्या पैशांतून घरावर पत्रा चढला,
ते आठवड्यात पांढरं पडलं.
शिंपल्या आ वासून मेल्या.
चाळीस दिवस वास. पाव तोंडापर्यंत नेववत नव्हता.
काळ्या मानेचे हंस उठून गेले,
कुठे, ते कुणी पाहिलं नाही.

मी दर मार्चला जायचो, मोजायला.
मीटरभर लांब, मीटरभर रुंद लोखंडी चौकट
चिखलावर टाकायची, आत काय आहे ते लिहायचं.
पहिल्या वर्षी लिहिलं: मीठ. भेगा. बाटलीचं बूच.
दुसऱ्या वर्षी: मीठ. भेगा.
ओतिलिया वहीत डोकावून म्हणाली,
"बूचसुद्धा गेलं बघ."

तिचा भाऊ एलिएसेर वेगळंच मोजत होता.
जूनअखेर, सान पेद्रोच्या दिवशी,
जेट्टीच्या उरलेल्या एकुलत्या खांबावर
भरती जिथवर चढेल तिथं एक खिळा.
त्या पहिल्या वर्षी संताची मूर्ती होडीऐवजी
हातगाडीवरून फिरवली होती.
पहिला खिळा घोट्याशी.
दुसरा त्याच्या दोन बोटं वर.
तिसरा ठोकताना तो म्हणाला,
"पाणी चढत नाहीये.
जमीन दमलीय. बसतेय हळूहळू."

आधी आले खेकडे, पेराएवढे,
तिरकी बिळं खणत.
बिळांतून पाणी मुरलं, माती थोडी अळणी झाली.
मग मांसल पानांची लालसर खारट झुडपं,
पूर्वी कडेकडेनं असायची, पाहुण्यासारखी,
आता सगळ्या घरभर पाय पसरून.
गवत मागाहून. चौकटीत सात काड्या.
पुढच्या मार्चला एकशे बारा.
मी तीनदा मोजल्या, हे वहीत नाही.

पेलियोही आलं,
पण पलीकडच्या ओहोळात, जिथं कधीच नव्हतं.
जुन्या जागेवर शेजाऱ्याची मेंढरं चरतात.
नव्या ओहोळात पाय घालताच
ओतिलियानं शिवी हासडली:
"हा चिखल मला ओळखत नाही."
आणि वाकून दोन्ही हातांनी उपटू लागली.

नात यास्ना भूकंपानंतरची.
खडकांवर तिच्या डोक्याच्याही वर एक पांढरा पट्टा आहे,
समुद्राबाहेर पडून मेलेल्या थराचा.
तिला वाटतं कुणी रंग दिलाय.
ओतिलियानं एकदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.
पट्ट्यावर केशरी दगडफूल धरलंय आता,
शंभर पेसोच्या नाण्याएवढं.

यंदा एलिएसेर नाही.
मी मुद्दाम जूनमध्ये गेलो, खिळा मी ठोकला, वाकडा.
जुन्या भरतीची काळपट रेघ
अजून हातभर वर.
यास्ना खिळे मोजायला लागली, वरून खाली.
खालचे पाण्यात. बाही सरकवून
तिनं खांद्यापर्यंत हात घातला, चाचपडली,
मान वळवून म्हणाली,
"शेवटच्यावर एक कालव बसलंय.
त्याला पण धरू का?"