माग

पुंता अरेनासला वारा इतका की
चौकात दोर बांधलेले असतात, माणसं ते धरून रस्ता ओलांडतात.
तिथे लोकरीच्या गिरणीत मी सहा हिवाळे मागावर होते,
आणि तो माझ्या मागावर.

नाव विचारलं की सांगायचे, रोसाउरा.
त्याआधी तेमुकोत ओर्तेन्सिया. कास्त्रोत एल्बा.
खरं नाव जिभेखाली,
कडू गोळी ठेवावी तसं,
विरघळू न देता.

काय केलं ते फारसं सांगत नाही.
वाल्परायसोच्या एका हॉटेलात हिशेब लिहायचे.
एक तिजोरी होती, एक मालक होता,
त्या रात्रीनंतर दोन्ही उघडी पडलेली.

इन्स्पेक्टर बाल्तासार ओयार्सून.
मी त्याला एकदाच पाहिलं, कास्त्रोच्या धक्क्यावर,
माझी बोट सुटल्यावर.
तो धावला नाही. त्याने टोपी काढली,
आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत
हातातच धरली.

त्यानंतर मी प्रत्येक खोलीत
संत्र्याची साल ठेवून निघायचे, उशापाशी,
एकाच अखंड पट्टीत सोललेली.
चूक म्हणा.
मी म्हणत नाही.

मग एका शनिवारी मासळी गुंडाळलेल्या कागदात तो सापडला.
वाल्दिविया. निवृत्त. हृदयविकार.
वय माशाच्या रक्तात भिजून गेलेलं.
त्यांच्या मागे पत्नी एदेल्मीरा आहे.

त्याच्या मागे पत्नी.
माझ्या मागे कोणीच नाही.

त्या रात्री दाराला कडी लावायची राहिली.
सकाळी उठले तर दार तसंच, मी तशीच,
पैसे पत्र्याच्या डब्यात तसेच.
दाराकडे तोंड करून जेवायची, दर महिन्याला केस रंगवायची,
पावलं मोजत जिना चढायची सवय,
आता ती कोणासाठी?
साऱ्या जगात माझं खरं नाव
रोज उच्चारणारा एकच माणूस होता.

चार दिवस बोटीने, मग रात्रभर आगगाडीने.
नदीकाठचं घर, हिरवी खिडकी.
दार उघडणाऱ्या बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही,
खाली पाहिलं.
"सदतीस नंबर," ती म्हणाली. "डावी टाच आतून झिजते.
ये आत, नेलिदा."

गुडघे लटपटले ते नावाने.

चुलीवरच्या तारेला साली टांगलेल्या होत्या.
नऊ. वाळून चामड्यासारख्या.
मला आठच आठवत होत्या.
"मी एकदा त्या टाकायला निघाले," तिने चहा ओतला,
"तर माझ्यावर कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला."
साखर किती हे तिने विचारलं नाही. बरोबर दोन चमचे घातली.
"बारा वर्षं माझ्या संसारात राहिलीस, बाई.
भाडं न देता."

मी म्हणाले, आता बोलवा कोणाला बोलवायचं ते.
मी दमलेय.

ती हसली का, सांगता येत नाही,
दिवा तिच्या पाठीमागे होता.
खुंटीवरचा त्याचा ओव्हरकोट तिने काढला, अंगात घातला,
बाह्या दोनदा दुमडल्या.
खिशातून वही निघाली, पेन्सिलीचं थोटूक निघालं.
जिभेने टोक ओलं करून तिने तारीख घातली.

"ठाणं सातला उघडतं.
मी चालत जाते, गुडघा धरतो माझा,
साडेसात धर.
आणि मी त्याच्यासारखी नाही, नेलिदा.
धक्क्यावर टोपी काढून उभी राहणार नाही मी."

भिंतीवर पावणेपाच झाले होते.
टोपलीतलं एक संत्रं उचललं. तिने पाहिलं, काही बोलली नाही.

बाहेर नदीवर धुकं, पूल अर्धाच दिसत होता.
कितीतरी दिवसांनी पाठीला ती जुनी थंडी लागली,
मानेच्या खाली, बरोबर त्याच जागी.
पुलावर थांबून संत्रं सोललं.
हात कापत होते, तरी साल तुटली नाही.
कठड्यावर ठेवली.
वर एक खडा ठेवला,
उडू नये म्हणून.