बेस्निकची मान

तक्त्यात एकोणीस शहरं होती.
पोर्तोचं भाडं झेपेना. दा नांगला
माझ्या टोरांटोच्या कचेरीचा दिवस
रात्री उगवतो, म्हणून तेही बाद.
मेदेयीनला राहून आलेला एकजण म्हणे स्वर्ग,
दुसरा म्हणे फोन खिशातच ठेव.
त्बिलिसी शेवटपर्यंत टिकली,
मग एका दशांशाने तिराना पुढे गेली.

एका दशांशाने.
तेवढ्यावर मी पाव बदलला, उशी बदलली,
दुपारी तीनला सुरू होणारी सकाळ पत्करली.

घरमालक बेस्निक. मी भाडं सांगितलं,
त्याने मान हलवली, डावीकडे, उजवीकडे.
मी वीस युरो चढवले. तो हसला,
आणखी जोरात हलवली. पुन्हा वीस.
शेवटी लिरीला दया आली, त्याच्या बायकोला.
म्हणाली, अगं, आमच्याकडे हा होकार असतो.
त्या माणसाने पहिल्याच आकड्याला हो म्हटलं होतं
आणि मी त्याच्याच होकाराशी घासाघीस करत बसले.
जास्तीचे चाळीस त्याने परत केले नाहीत;
दर रविवारी मात्र बिरेकचा अर्धा तवा
फडक्यात गुंडाळून वर येऊ लागला.

इंटरनेट चांगलं होतं. माकियातो स्वस्त.
सहा वाजता सगळं गाव उगाचच रस्त्यावर येऊन
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतं, त्याला जीरो म्हणतात,
ते मात्र माझ्या तक्त्यात शून्य धरलं गेलं होतं.
अंगणात एक झाड, पानं झडून गेलेली,
फांद्यांवर नुसती केशरी फळं, विझवायची राहिलेल्या दिव्यांसारखी.
आपल्या टेंभुर्णीची ही लांबची बहीण
हे मला कुणाला सांगावं तेच कळेना.

डिसेंबरात एकदा वीज गेली.
बेस्निक टॉर्च घेऊन वर आला, मागे योनिदा, त्याची मुलगी.
हातात कासेलच्या इस्पितळाचं पत्र. परिचारिका हवी आहे.
तो खुर्चीच्या कडेवर बसला.
तुला शहरं मोजता येतात ना, म्हणाला,
हेही मोज.

मी विसावी ओळ उघडली. भाडं, परवाना, विमा.
तो म्हणाला, ताप आला तर उशाशी कोण बसणार, ते कुठे लिहायचं?
तिचं नाव तिथे नीट घेतील का? ते यो आहे, जो नाही.
मी दोन रकाने वाढवले. ते रिकामे राहिले.

मग त्याला आठवलं. आणि आम्हाला किती दिलेस?
आठ पूर्णांक एक, मी म्हणाले. सगळ्यात जास्त.
त्याचा चेहरा उजळला, टॉर्च नसतानाही उजळला असता.
बघ, योनिदाला म्हणाला, बाहेरची माणसं बघ काय म्हणतात.

योनिदा बराच वेळ पडद्याकडे बघत होती.
हे आठ, ती म्हणाली, तुझ्या पगाराचे आहेत.
माझा टाकून बघ.

मी टाकला. लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्के.
एकेक रकाना लाल होत खाली गेला,
भाडं, दात, हिवाळ्यातलं लाकूड,
आणि त्याच खिडकीतल्या त्याच दायती डोंगराखाली,
जो दुरूनच काय, जवळूनही साजरा आहे,
आमचं शहर तीन पूर्णांक चार झालं.

कुणीच काही बोललं नाही. खाली लिरी कुणाला तरी हाक मारत होती.
जाणार का गं, मी विचारलं.
योनिदाने मान वर-खाली केली; जर्मनची शिकवणी लागल्यापासून
ती तिकडच्यासारखी हलवते.

आणि तुम्ही? जाऊ देणार?
बेस्निक उठला. दारात थांबून त्याने मान हलवली,
डावीकडे, उजवीकडे,
आणि तीन महिने इथे राहूनही
मला क्षणभर आठवेना
याचा अर्थ काय होतो.
वीज आली होती. त्याने टॉर्च बंद केला नव्हता,
जिन्याच्या भिंतीवर तो उजेड
त्याच्याबरोबर हलत खाली गेला.