अकरा सेकंद

पुतण्याने आणून दिली तबकडी.
जाड पुठ्ठ्याचा डबा, आत चोवीस पानांची पुस्तिका,
वर तेच कुलूप, निळं.
ज्या सिनेमाला तेव्हा आठवडाभर थिएटर मिळालं नाही
त्याची आता फ्रेम न् फ्रेम धुऊन पुसून घेतली आहे म्हणे, परदेशात.
आमच्या दुकानात कॅसेट क्रमांक एकशे सात.

कोपरखैरणे, सेक्टर पाच. रात्रीचे साडेदहा.
यांच्या दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं, भिंतीवर नवा टीव्ही.
पट्टी सुटली त्या दिवशी हे माझ्याकडे बघून म्हणाले होते,
"अगं, तू केव्हापासून अशी?"
मी म्हटलं, आजपासून.

सुरू झाला,
आणि पहिल्याच मिनिटाला डोंगर.
पारसिकचा, अख्खा,
खाणींनी कुरतडण्याआधीचा, अंगभर झाडी असलेला.
आमच्या कॅसेटमध्ये तिथे नुसता करडा धूर होता.
आम्ही त्याला धुकं समजायचो,
गिऱ्हाइकं दिग्दर्शकाला दाद द्यायची.
खिडकीतून दिसतो तो हाच,
अर्धी खाऊन ठेवलेली भाकरी.

सगळंच दिसतंय.
इन्स्पेक्टरच्या टोपाची जाळी, कानशिलावरचा डिंक.
विहिरीची ती रात्र,
जिला घाबरून दहिवलकरांच्या धाकटीला ताप भरला होता,
ती रात्र नव्हतीच. भर दुपार, निळ्या काचेतून.
आणि पाण्यात जी बाई दिसायची,
जिच्यासाठी तुर्भ्याहून, घणसोलीहून पोरं सायकली मारत यायची,
दिवसाला दहा रुपये, डिपॉझिट वेगळं,
ती तर टेपची चुरगळ होती.
पाणी आहे फक्त.
पाणी, आणि एक तरंगणारी काडी.

"आता दार," हे म्हणाले.

अख्ख्या सेक्टरला पाठ होतं:
नायिका कुलपाला हात घालते, दार करकरतं,
आणि समोर येतो पाळणा.
झेंडूच्या माळा, कुंचीतलं बाळ,
आत्याचं कुर्रर्र, आत्याच्या पाठीत धपाटे.
अकरा सेकंद. मग थेट प्रेत.
कर्णिकांच्या मृण्मयीचं बारसं.
लोक त्या जागी टाळ्या वाजवायचे.
कॅसेट बदलून कुणी मागितली नाही,
उलट हळूहळू पटत गेलं
की त्या दाराआड दुसरं काय असणार.
मृण्मयीचा आता ऐरोलीत दातांचा दवाखाना आहे.
तिला कुणी सांगितलं नसेल
की दर शनिवारी एका खुनाच्या मधोमध
तिचं नाव ठेवलं जायचं.

दार उघडलं.
खोली. खुर्ची. खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल.
बस्स.

हे बराच वेळ गप्प. मग टीव्हीकडेच बघत,
"तो कॅमेरा मीच भाड्याने आणला होता.
कोरी कॅसेट मिळेना. म्हटलं, टेस्टिंगपुरतं.
मागची टिकली तुटलेली होती,
चिकटपट्टी मीच लावली."

हिशेबाची वही मी लिहायचे.
बोनकोड्याचा हिराजी, सोळा वर्षांचा,
परत आलेल्या कॅसेटी उलट्या फिरवून ठेवायला होता.
एकशे सात खराब केली म्हणून
दोन महिने साठ साठ रुपये कापले त्याचे,
लाल शाईने, माझ्या अक्षरात.
तो काही बोलला नाही.
फक्त आधी पगार तसाच खिशात घालायचा,
तो मोजून घ्यायला लागला.

मी रिमोट घेतला, मागे नेलं, थांबवलं.
नायिकेचं बोट, कुलूप सोडतानाचं.
रंग ओला होता, घाईत फासलेला असणार.
पेरावर निळा डाग.
इतक्या वर्षांत कुणाला दिसला नव्हता,
बहुधा तिलाही नाही.

"हिराजीचा नंबर असेल?"
नंबर कशाला, बोनकोडं चालत पंधरा मिनिटं.
हे उठले, चपला शोधल्या, एकच सापडली.
ती पायात घालून तसेच उभे.
"पण त्याला म्हणायचं काय?"
मी म्हटलं, आधी एकशेवीस रुपये मोजा.