डाव्या पायाचा ठोकळा

मांजरीची नर्सरी चुलतभावांना गेली,
गुलाबांसकट, बोअरसकट.
मृत्युपत्रात माझ्या नावापुढे एकच ओळ:
लहान ट्रॅक्टर चित्रलेखाला. तिला आवाज आवडायचा.

दादाने भंगाराचा भाव विचारून ठेवला होता, किलोवर.
मी टेम्पो बोलावला.

आता तो हडपसरला, आमच्या सोसायटीत,
पी-एकोणीसमध्ये, दोन पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये
लग्नाला न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.
दुसऱ्याच दिवशी सीटवर चिठ्ठी:
अवजड वाहन सात दिवसांत हलवावे.
खाली मी लिहिलं: हलत असतं तर हलवलं असतं.

बेचाळीस वर्षं मालनआत्या त्याच्यावर बसली,
गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, वर पुरुषी खाकी शर्ट.
रांगांमधून जाताना मागे न बघता सांगायची
कुठल्या कलमाला पाणी कमी पडलंय.

इंजिन जाम.
नाना पेठेतले हकीमुद्दीनभाई म्हणाले,
प्लगच्या भोकातून रॉकेल सोडा, आठ दिवस धीर धरा.
रॉकेल!
एका दुकानातल्या पोराने आधी फोनमध्ये शोधलं,
मग माझ्याकडे बघितलं.
शेवटी डिझेल. आणि आठ नाही, तेवीस दिवस.
रोज ऑफिसहून आले की हँडलला हात लावायचा,
ताप आलेल्या कपाळाला लावतात तसा.
तेविसाव्या दिवशी ते
सुपारीएवढं हललं.

रिंगा मिळाल्या जुन्या बाजारात,
कुठल्यातरी रसवंतीच्या इंजिनाच्या, घासून बसवल्या.
मॅग्नेटोला तीन रविवार गेले.
हत्यारांच्या डब्यात दोन पाने, सुतळी,
आणि केसांचा एक आकडा, टोकाला काळा.
कार्बोरेटरचं जेट ती ह्यानेच साफ करत असणार.
मीही केलं. दुसरं काही आत जातच नाही.

बॉनेटच्या आत ऑइलपेंटने,
चौथीपर्यंतच्या तिच्या अक्षरात:
तेल बदलले, पाडवा.
तेल बदलले, दसरा.
तेल बदलले, पाडवा.
मध्ये एके ठिकाणी:
तेल बदलले नाही. आई गेली.
रंगारी म्हणाला, आतूनपण घासून चकाचक करतो.
बाहेरून कर, म्हटलं, पाहिजे तेवढा हिरवा.
आत हात लावायचा नाही.

मग हकीमुद्दीनभाई क्लचपाशी अडले.
पेडलवर बाभळीचा ठोकळा,
चार बोटं जाड, दोन बोल्टांनी आवळलेला,
मधोमध पावलाने झिजून वाटीसारखा खोल.
हे कसलं जुगाड? काढून टाकतो.
तुमचे पाय तर लांब आहेत.

मला पटकन सांगता येईना.
आत्याचा डावा पाय चार बोटं आखूड होता.
घरात तो विषय कुणी काढत नसे.
स्थळं यायची, चहा पिऊन जायची.
ती बांधावरून चालत आली की
आम्ही पोरं दुसरीकडे बघायचो, तसं शिकवलं होतं.
ट्रॅक्टरवर मात्र तिच्याकडे बघायची मुभा होती.
तिथे तिचे दोन्ही पाय पुरायचे.

असू द्या, एवढंच म्हणाले.
भाईंनी पान्याने ठोकळ्याचे बोल्ट
पुन्हा आवळून दिले. त्याचे पैसे लावले नाहीत.

रविवारी सकाळी पाचव्या फिरकीला
तो खोकला, थांबला, परत खोकला,
आणि सगळं पार्किंग त्या आवाजाने भरलं.
वरच्या गॅलऱ्यांत माणसं आली.
सेक्रेटरी पेंढारकर बनियनवरच खाली उतरले,
बोलत होते बरंच काही, ऐकू काही येत नव्हतं.

ठोकळ्यावर पाय ठेवला की
माझा गुडघा स्टिअरिंगला आपटतो.
क्लच दाबायचा तर कमरेतून तिरकं व्हावं लागतं,
डावा खांदा वर, मान जराशी उजवीकडे.
ती अशीच बसायची.
मला वाटायचं, ऐट आहे.

गेटपर्यंत गेले. टाकीला वळसा घालून परत आले.
उतरले तेव्हा डावा पाय सरळच होईना,
लिफ्टपर्यंत लंगडत गेले.
पेंढारकरांनी विचारलं, लागलं का हो?
नाही, म्हटलं.
आमच्या घरात आहे ते.