शेऱ्याचा रकाना

माझी केबिन पत्र्याची, चार बाय सहा.
एक टेबल, रोज पाच मिनिटं पुढे पळणारं एक घड्याळ
आणि रजिस्टर : गाडी क्रमांक, चालक, वाहक,
यायची वेळ, सुटायची वेळ, शेरा.
फेरी रद्द झाली की शेऱ्यात दोन अक्षरं टाकायची.
चा.ना. म्हणजे चालक नाही.
गा.बि. म्हणजे गाडी बिघडली.
बाविसावं वर्ष माझं. अक्षर सुंदर आहे,
असं ऑडिटवालेसुद्धा म्हणतात.

रात्री नऊ चाळीसची इलठणपाड्याची फेरी
दिवाळीनंतर चा.ना. झाली, ती चा.ना.च राहिली.
मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू.

मग ती पोरं आली, ऐरोलीच्या संध्याकाळच्या कॉलेजची.
स्टॉपवरचं बाकडं चोरीला गेलंय, नुसते चार पाय उरलेत,
त्या पायांच्या मधे उभं राहून लिहायची.
रोहिणी मुद्दे, जिचा बाप खाणीत सुरुंग भरायचा.
तन्झील.
आणि केण्यांचा निकेत, ज्याचं घर स्टॉपला लागून,
ज्याला बस नकोच होती.
दोनशे पानी वही, वर कुठलंसं बर्फाचं शिखर.
वाटलं, प्रोजेक्ट असेल. मार्क मिळाले की जातील.

महिना गेला, पोरं गेली नाहीत.

चहाच्या निमित्तानं वही चाळली.
तीच फेरी, तीच वेळ, माझ्यासारख्याच पट्टीनं मारलेल्या रेघा,
फक्त शेऱ्याचा रकाना पानभर रुंद.

नाही आली. अकरा जण. डबेवाल्या मावशी चालत निघाल्या, चप्पल हातात.
नाही. रिक्षा माणशी चाळीस. तिघांत मिळून साठ.
नाही. तन्झीलचा भाऊ न्यायला आला, पेट्रोल संपलं, गाडी ढकलत गेलो. खूप हसलो.
नाही. पुलाखाली दिवा नाही. मोठ्यानं पाढे म्हणत गेलो. एकोणतीसचा कुणालाच येत नाही.
नाही. आई म्हणाली, मग कॉलेजच नको.

त्या ओळीखाली नाव नव्हतं.
अक्षर रोहिणीचं होतं.

बावीस वर्षं रेघा मारतोय मी.
थांबलेल्यांसाठी एक रेघ कमी पडतेय
हे मला कुणी सांगितलं नाही,
आणि मी तरी खिडकीबाहेर कधी बघितलं.

पुढचं नेहमीचंच. निवेदन, पोच, शिक्का,
'संबंधितांकडे', संबंधित रजेवर.
झेरॉक्सवाल्यानं अर्धेच पैसे घेतले,
त्याची बहीण पाड्यावर दिलीय.
डेपोत साहेब म्हणाले, पोरांच्या वहीला काय अर्थ,
अधिकृत नोंद कुठाय?
म्हणून माझं रजिस्टर मागवलं.
दोन्ही वह्या शेजारी उघडल्या.
तारखेला तारीख लागत गेली.
पानोपानी चा.ना., माझ्या सुंदर अक्षरात.
साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

फेरी सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार.
शनिवार विचाराधीन.
पहिल्या रात्री निकेत फुगे घेऊन चढला,
पाड्यापर्यंत गेला आणि चालत परत आला.
तन्झीलनं वाहकाला पेढा दिला,
वाहकानं तोंडात टाकून सुट्टे मागितले.
रोहिणी नव्हती.
रबाळ्याला पॅकिंगमध्ये लागलीय म्हणे, दिवसपाळी.

आता नऊ चाळीसला गाडी लागते
आणि मी शिट्टी देत नाही.
चालक आरशातून बघतो.
कॉलेजच्या बाजूनं कधी कुणी पळत येतं, दप्तर छातीशी धरून,
कधी नुसताच कंपन्यांचा वास येतो.
नऊ बेचाळीसला सोडतो.

उशिराचं कारण दोन अक्षरांत बसवावं लागतं.
बरेच दिवस सि.ला. लिहिलं, सिग्नल लागला.
काल लिहिलं वा.पा.
वाट पाहिली.
ऑडिटवाले विचारतील, हे काय नवीन.